मेंदूचे उद्दीपन आणि बालपणीचे संस्कार

लंडनहून निघणाऱ्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९८५ आणि १९८६ या लागोपाठच्या वर्षांत बार्कर आडनावाच्या दोन संशोधकांचे निबंध प्रसिद्ध झाले. दोघांचे एकमेकांशी नाते नव्हते आणि त्यांच्या विषयांतही वरवर पाहता काही साम्य नव्हते. शेफील्डचे अँथनी बार्कर हे वैद्यकशास्त्राला उपयोगी पडणाऱ्या पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. कवटी न उघडता, कातडीला ओरखडाही न काढता, केवळ चुंबकाच्या साहाय्याने जाग्या माणसाचा मेंदू बाहेरून चेतवता येतो, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर हे रोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणारे वैद्य. क्लाइव्ह ऑस्मंड यांच्यासह त्यांनी इंग्लंड व वेल्समधील जुन्या मृत्युनोंदी पडताळून पाहिल्या. १९२१ ते १९२५ या काळात ज्या भागांत तान्ही मुले अधिक दगावत होती, त्याच भागांत सुमारे अर्ध्या शतकानंतर हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाणही अधिक होते, असे त्यांना आढळले.

एका बार्करांनी आज, या क्षणी, बाहेरून काय बदलता येते ते दाखवले; दुसऱ्यांनी कितीतरी आधी आतून काय ठरून गेलेले असते त्याकडे बोट दाखवले. माणसाचे शरीर व मेंदू लहानपणीच किती घडून जातात आणि पुढे त्यांत किती फेरबदल करता येतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. कंपवाताने हात थरथरणारा वृद्ध, वर्षानुवर्षे विषण्णतेने ग्रासलेली स्त्री आणि अंगणवाडीतील वजनकाट्यावर ठेवलेले बालक या तिघांच्याही वाट्याला काय येणार, हे या प्रश्नाचे जे उत्तर समाज स्वीकारील त्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

प्रथम विजेची हकीकत पाहू. विजेने रोग बरा करण्याची कल्पना विजेचे स्वरूप कळण्याच्याही पुष्कळ आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील स्क्रिबोनिअस लार्गस या वैद्याने जुनाट डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा दुखऱ्या जागी ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. हा मासा आपल्या भक्ष्याला धक्का देऊन बधिर करतो. रोग्याचे डोके बधिर झाले म्हणजे दुखणेही थांबत असावे. परंतु मेंदू विजेला प्रतिसाद देतो याचा प्रयोगसिद्ध पुरावा १८७० साली मिळाला. गुस्ताव फ्रिट्श व एडुआर्ड हिट्झिग यांनी बर्लिनमध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक जागी सौम्य प्रवाह सोडला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे विसाव्या शतकात मॉन्ट्रियल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनी अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना याच तत्त्वाचा उपयोग केला. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. त्यामुळे केवळ डोक्याची कातडी बधिर करून रोग्याला जागे ठेवता येत असे, आणि बारीक विद्युतअग्राने मेंदूला ठिकठिकाणी स्पर्श करून कोणत्या जागेचा कोणत्या अवयवाशी संबंध आहे हे त्याच्याच तोंडून विचारून घेता येत असे. मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थराचा, म्हणजे बाह्यकाचा, नकाशा अशा रीतीने तयार झाला. त्यात हाताच्या अंगठ्याने आणि ओठांनी व्यापलेली जागा पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. कारण ती जागा अवयवाच्या आकाराप्रमाणे नसून त्याच्या कौशल्याप्रमाणे असते.

रोगनिवारणासाठी मेंदूत वीज सोडण्याचा मोठा प्रयोग मात्र या नकाशाची वाट न पाहताच सुरू झाला होता. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी १९३४ साली काही मनोरुग्णांना औषधाने आकडी आणली व त्यामुळे त्यांना आराम पडतो असे प्रतिपादन केले. चार वर्षांनी, १९३८ च्या एप्रिलमध्ये, रोम येथे उगो चेर्लेत्ती व लुचो बिनी यांनी औषधाऐवजी विजेने आकडी आणली. तो पहिला रोगी रेल्वे स्थानकावर भ्रमिष्टासारखा भटकताना सापडलेला एक मनुष्य होता. त्याची संमती घेण्याचा विचारही त्या काळी कोणाला सुचला नसावा. उपचार इतका झपाट्याने पसरला की थोड्याच वर्षांत जगभरच्या मनोरुग्णालयांत त्याचा सरसकट, आणि पुष्कळदा केवळ दांडग्या रोग्याला गप्प बसवण्यासाठी, वापर होऊ लागला. भूल न देता आणलेल्या आकडीत हाडे मोडत. आपल्याकडील चित्रपटांतून विजेचा झटका हा शिक्षेसारखा दाखवला जातो, त्याचे मूळ या इतिहासात आहे आणि तो इतिहास खोटा नाही.

तथापि, अर्धी हकीकत सांगून थांबणे अन्यायाचे होईल. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देण्याची पद्धत रूढ झाल्यावर या उपचाराचे रूप पालटले. रोगी झोपेत असतो, शरीराला झटके जवळजवळ बसतच नाहीत. आकडी मेंदूपुरती राहते. तीव्र विषण्णतेत, विशेषतः रोगी अन्नपाणी सोडून बसला असेल किंवा आत्महत्येस प्रवृत्त झाला असेल तेव्हा, इतका लवकर गुण देणारा दुसरा उपाय आजही क्वचितच सापडतो. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८२ साली या उपचाराची औषधाशी तुलना केली. तीत कोणत्या रोग्याला खरी वीज दिली आणि कोणाला लुटुपुटीची, हे तपासणाऱ्याला कळू न देण्याची दक्षता घेतलेली होती. काही काळाची स्मृती पुसली जाणे हा या उपचाराचा खरा दोष आहे आणि तो रोग्याला आधी सांगितलाच पाहिजे. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने भूल व स्नायुशिथिलक न देता हा उपचार करण्यास मनाई केली. अल्पवयीनांवर तो करावयाचा झाल्यास पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली.

सबंध मेंदूला हादरा देण्याऐवजी नेमक्या जागी थोडेसे चेतवता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. १९८० साली लंडनमध्ये मर्टन व मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून विजेचा जोरदार स्पंद देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण कवटी विजेला फार अडवते आणि वाटेतल्या कातडीला असह्य वेदना होतात. अँथनी बार्करांनी यावर जी तोड काढली तिचे तत्त्व दीडशे वर्षे जुने होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युत-प्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडे यांनी १८३१ सालीच सिद्ध केले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून हेच पाहतो. बार्करांनी वाहक म्हणून तारेऐवजी मेंदू घेतला. डोक्यावर तारेचे एक वेटोळे धरायचे, विद्युत-धारकात साठवलेली वीज त्यातून एका क्षणात सोडायची; एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ टिकणारे प्रबळ चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, ते कवटीतून विनासायास आत शिरते आणि खालच्या बाह्यकात किंचित प्रवाह जागा करते. वेटोळे योग्य जागी असेल तर माणसाचा अंगठा आपोआप उडतो. त्याला कळते एवढेच की 'टक्' असा आवाज झाला आणि कातडीवर टिचकी बसली.

आरंभी या यंत्राचा उपयोग केवळ चेतामार्ग शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी होत असे. नंतर असे दिसले की कपाळाच्या डाव्या भागामागील बाह्यकावर रोज, काही आठवडे, हजारो स्पंद दिले असता औषधांना दाद न देणाऱ्या काही विषण्ण रोग्यांना बरे वाटते. अमेरिकेत या उपचाराला २००८ साली मान्यता मिळाली आणि भारतातील मोठ्या शहरांतही तो आता उपलब्ध आहे. यात आकडी आणली जात नाही, भूल लागत नाही, स्मृतीवर आघात होत नाही. गुणही मात्र तितका मोठा नाही. शिवाय रोज रुग्णालयात यावे लागते, परिचारिका आस्थेने विचारपूस करतात, यंत्र भारदस्त दिसते. या गोष्टींनीही माणसाला बरे वाटतेच. म्हणूनच तुलनेसाठी तसाच 'टक्' आवाज करणारे पण चुंबकीय क्षेत्र आत न सोडणारे वेटोळे वापरावे लागते. त्या लुटुपुटीच्या वेटोळ्यानेही काही रोगी सुधारतात! फरक उरतो तो या दोन गटांमधल्या अंतराएवढा. यंत्राची जाहिरात करणारे हे अंतर सांगण्याऐवजी एकूण सुधारणेचा आकडा सांगतात, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

मेंदूच्या अगदी गाभ्यात विद्युतअग्र बसवण्याची पद्धत याहून धाडसी आहे. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथील आलीम-लुई बेनाबीद हे शस्त्रवैद्य कंपाच्या रोग्यांच्या मेंदूतील एक लहानशी गाठ नष्ट करून कंप थांबवत असत. नष्ट करण्यापूर्वी जागा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी तेथे वीज सोडली जाई. सेकंदाला सुमारे शंभर स्पंदांचा वेग गाठला की कंप थांबतो आणि वीज बंद करताच पुन्हा सुरू होतो, असे त्यांच्या लक्षात आले. मग गाठ जाळायचीच कशाला? १९८७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तार मेंदूतच राहू देण्यास प्रारंभ केला. हृदयाच्या ठोक्यांसाठी बसवतात तसे बॅटरीचे यंत्र गळपट्टीच्या हाडाखाली बसवले जाते आणि तिथून कातडीखालून तार वर नेली जाते. ज्याला पेला ओठापर्यंत नेता येत नव्हता तो कळ दाबताच स्थिर हाताने पाणी पितो, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या शोधाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जगात एक लाखाहून अधिक रोग्यांवर हा उपचार झाला आहे. आपल्याकडे त्याला कित्येक लाख रुपये लागतात. तेव्हा तो कोणाच्या आवाक्यात आहे हे उघड आहे.

कंपवातात मिळालेले यश पाहून हाच उपाय मनाच्या रोगांवर करण्याची आशा बळावली. टोरांटो येथे हेलन मेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली विषण्णतेच्या सहा असाध्य रोग्यांत कपाळामागील एका खोल भागात तारा बसवल्याचे वृत्त दिले. सहा महिन्यांनी त्यांपैकी चौघांची प्रकृती स्पष्टपणे सुधारलेली होती. त्यानंतर नव्वद रोग्यांवर काटेकोर चाचणी हाती घेण्यात आली. तारा सर्वांनाच बसवल्या, पण काहींच्या तारांत पहिले सहा महिने वीज सोडलीच नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता: सहा महिन्यांअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नंतर सर्वांनाच वीज दिली गेली, तेव्हा दोन वर्षांनी जवळजवळ निम्म्या रोग्यांची स्थिती बरीच सुधारलेली आढळली. हे विजेचे फळ की काळाचे, याचा निर्णय लुटुपुटीच्या गटाअभावी करता येत नाही.

कंपाच्या बाबतीत कळ दाबताच जे घडते ते विषण्णतेच्या बाबतीत का घडत नाही? येथे 'उद्दीपन' या शब्दाकडेच थोडे पाहण्यासारखे आहे. आपल्या रसशास्त्रात चंद्र, वसंत, वारा यांना उद्दीपन विभाव म्हटले आहे. ते भाव निर्माण करीत नाहीत. अंतःकरणात आधीच वसत असलेल्या स्थायीभावाला ते जागवतात. मेंदूतल्या विजेलाही हे बरेचसे लागू पडते. ती बाहेरून आनंद आणून ओतीत नाही. जे मज्जामार्ग आधीच घडलेले आहेत त्यांना ती चेतवते किंवा आवरते. कंपाचा मार्ग सर्व माणसांत बहुतांशी सारखाच असतो, परंतु दुःखाचा मार्ग प्रत्येकाच्या आयुष्याने निरनिराळा आखलेला असतो. तेव्हा तो कधी व कसा आखला गेला, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही गोष्ट फार स्पष्टपणे पुढे आणली. दीर्घकालीन विषण्णतेच्या ६८१ रोग्यांवर औषध, मानसोपचार आणि दोन्ही मिळून, अशा तीन पद्धतींची तुलना झाली होती. तिच्या आकड्यांकडे चार्ल्स नेमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पाहिले. ज्यांना लहानपणी मातृपितृवियोग, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा उपेक्षा सोसावी लागली होती, त्यांना नुसत्या औषधापेक्षा नुसत्या मानसोपचाराने अधिक गुण आला होता. रोगाचे नाव एकच, लक्षणे तीच; पण बालपण निराळे असेल तर उपायही निराळा लागू पडत होता.

बालपणीच्या दुःखाचा शरीरावरही ठसा उमटतो, हे त्याआधी सॅन डिएगो येथील व्हिन्सेंट फेलिटी यांना स्थूलतेवरील उपचारकेंद्र चालवताना जाणवले होते. ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत होते असेच लोक अधूनमधून उपचार सोडून जात. चौकशी केली तेव्हा अनेकांच्या बालपणात अत्याचाराची हकीकत निघाली. वजन हे त्यांच्या दृष्टीने दुखणे नव्हते, संरक्षण होते. रॉबर्ट आंडा यांच्यासह फेलिटींनी केलेल्या पाहणीत साडेनऊ हजारांवर प्रौढांनी आपल्या बालपणाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरातील मारहाण, मद्यपान, मनोविकार, तुरुंगवास असे सात प्रकार त्यांनी धरले होते. ज्यांच्या वाट्याला चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात मद्यासक्ती, अंमली पदार्थांचे व्यसन, विषण्णता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा संभव चौपटीपासून बारापटीपर्यंत वाढलेला होता. हृदयरोग व कर्करोगही अधिक होते. हे लोक झोपडपट्टीतले नव्हते, तर बहुतेक सुशिक्षित, वैद्यकीय विमा असलेले मध्यमवर्गीय होते.

या पाहणीचा पुढे एक दुरुपयोग झाला. मुलाच्या वा प्रौढाच्या वाट्याला आलेल्या दुःखांची बेरीज करून त्याचे भविष्य वर्तवण्याचा प्रघात पडू लागला. समुदायाविषयीचा आकडा एका व्यक्तीला लावणे चूक आहे, असे आंडा यांनाच २०२० साली सहकाऱ्यांसह लिहून बजावावे लागले. चार दुःखे सोसूनही निरोगी राहिलेली असंख्य माणसे आपल्या अवतीभोवती असतात. कुंडलीऐवजी प्रश्नावली आली, एवढाच बदल व्हावयाचा असेल तर त्यात शास्त्राचे काही भूषण नाही.

दुसऱ्या बार्करांकडे आता वळू. मृत्युनोंदींच्या नकाशावरून त्यांनी केलेले अनुमान अनेकांना पटले नव्हते; कारण गरीब भागात जन्मलेला मनुष्य बहुधा गरीब भागातच वाढतो. त्यांना हवी होती ती एकेका माणसाची जन्माची नोंद. ती हार्टफर्डशायर परगण्यात सापडली. तेथील सुईणींच्या निरीक्षिका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी १९११ पासून प्रत्येक बालकाचे जन्मवेळचे आणि वर्षाअखेरचे वजन वहीत टिपून ठेवण्याची शिस्त घालून दिली होती. त्या वह्यांतील ५६५४ पुरुषांचा माग काढून बार्करांनी १९८९ साली दाखवले की ज्यांचे वजन जन्मवेळी व वर्षाअखेरीस सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत अधिक होते. खेडोपाडी सायकलवरून वा पायी फिरणाऱ्या आपल्या आरोग्यसेविकांनी भरलेल्या वह्या आपण किती निष्काळजीपणे रद्दीत घालतो, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

गर्भावस्थेतील उपासमारीचा परिणाम हॉलंडमध्ये दुर्दैवाने जणू मुद्दाम आखलेल्या प्रयोगासारखा दिसून आला. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे देशाच्या पश्चिम भागात माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही पुष्कळ खाली गेला आणि मे महिन्यात युद्ध संपताच तो एकदम पूर्ववत झाला. त्या महिन्यांत गर्भात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची शक्ती कमी आढळली. दुष्काळाच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्यांत छिन्नमनस्कता हा मनोविकार सुमारे दुप्पट होता. २००८ साली असेही आढळले की दुष्काळात गर्भधारणा झालेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांहून निराळ्या होत्या. पण याच दुष्काळाचा दुसरा निष्कर्ष सहसा कोणी सांगत नाही. सैन्यभरतीच्या वेळी एकोणिसाव्या वर्षी सव्वा लाख तरुणांची बुद्धी तपासली गेली होती. तीत दुष्काळग्रस्त व इतर यांच्यात फरक नव्हता. गर्भाने मेंदूला वाचवले आणि किंमत शरीराच्या इतर भागांनी मोजली, असे दिसते.

आपल्या देशातील स्थिती अशी पाचसहा महिन्यांत संपणारी नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्याही आधीपासून अभ्यास सुरू केला. तेथील बालके जन्मवेळी सरासरी २.७ किलोग्रॅमची होती, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोग्रॅमची. स्नायू व पोटातील अवयव यांत ती बरीच उणी होती. कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. दिसायला हडकुळे आणि आतून मेदयुक्त असे हे बालक पुढे मधुमेहाकडे का झुकते, याचा धागा येथे सापडतो. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत त्यांची बालके मोठी होती. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मातांच्या मुलांची नवव्या वर्षी परीक्षा घेतली तेव्हा एकाग्रता व स्मरण यांच्या काही कसोट्यांत ती मागे पडली. हे वाचून 'आईचेच चुकले' असे म्हणण्याचा मोह होईल. त्या खेड्यांतील गर्भवती बायका शेतात राबत होत्या आणि घरी आल्यावर पाणी भरत होत्या, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

अन्नाखेरीज इतर संस्कार शरीरात शिरतात तरी कसे? याचा एक मार्ग मॉन्ट्रियलमध्येच, पेनफील्ड यांच्या मॅकगिल विद्यापीठात, उंदरांवरील प्रयोगांतून उलगडला. मायकेल मीनी यांना दिसले की काही माद्या आपल्या पिल्लांना फार चाटतात, काही थोडे. अधिक चाटलेली पिल्ले मोठेपणी संकटात कमी घाबरतात आणि त्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक लवकर ओसरते. पिल्लांची अदलाबदल केली तेव्हा ती जन्मदात्रीप्रमाणे नव्हे, तर सांभाळणारीप्रमाणे निघाली. २००४ साली याचे कारणही मिळाले: कमी चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या एका जनुकावर मेथिल नावाच्या रासायनिक गटांचा लेप चढलेला असतो व ते जनुक मंदावते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रौढ उंदराच्या मेंदूत एक औषध टोचले असता तो लेप उतरला आणि उंदराचे वर्तनही बदलले. बालपणी लिहिलेले पुसता येते, याचा हा पुरावा होता. मात्र तो उंदरातला होता, आणि सुई थेट मेंदूत घालावी लागली होती.

माणसांतील पुरावा रुमानियातून आला. चाउशेस्कू यांची राजवट १९८९ च्या डिसेंबरात कोसळली, तेव्हा हजारो मुले सरकारी अनाथालयांत सापडली. त्यांना खाऊ घातले जाई, पण उचलून घेणारे, त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते. बुखारेस्टमध्ये सहा ते एकतीस महिन्यांच्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. अशी निवड करणे नीतीला धरून आहे काय, यावर पुष्कळ वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडेचार वर्षांच्या वयात अनाथालयात नेमलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि आपल्या घरीच वाढलेल्यांचा १०९ होता. जी मुले दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांच्या मेंदूतील विद्युत-लहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्याच होत्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या.

मेंदूतील वीज बदलण्यासाठी येथे ना वेटोळे वापरले गेले, ना तार. इंग्रजी संशोधन-नियतकालिकांत विजेच्या उपचाराला जो शब्द आहे तोच, म्हणजे उद्दीपन, लहान मुलाशी बोलणे, खेळणे, त्याला वस्तू हाताळू देणे यासाठीही वापरतात. या दुसऱ्या उद्दीपनाची सर्वांत दीर्घ कसोटी जमैकातील किंग्स्टन शहरात लागली. १९८६–८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी तेथील गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. त्यांची वये नऊ ते चोवीस महिन्यांची होती. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला मुलाशी कसे खेळावे ते दाखवी. काहींना दोन्ही मिळाले. खेळणी टाकाऊ वस्तूंपासून घरीच बनवलेली असत. ती आठवडाभर घरात ठेवायची आणि पुढच्या खेपेला बदलून न्यायची, असा क्रम होता. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची मिळकत इतरांहून २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. केवळ आहार मिळालेल्यांत इतका टिकाऊ फरक उरला नव्हता.

याच धर्तीवर ओडिशातील कटक शहराच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच स्त्रियांना शिकवून दीड वर्ष दर आठवड्याला घरोघर पाठवण्यात आले. शेवटी मुलांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या आकलनात मोजण्याजोगी वाढ दिसली. वजनात व उंचीत मात्र ती दिसली नाही. कारण ताटातले अन्न तेवढेच होते. ती मुले अजून शाळेत आहेत.